परवाचा पियानो-बास-ड्रम्सचा कार्यक्रम, कोण कोण होतं? (नागपूर, जॅझ)

सीताबर्डी_लोकल

परवा शनिवारी सिव्हिल लाईन्समधल्या एका छोट्या हॉलात जॅझ पियानो ट्रिओ झाला, त्यांचा नवीन अल्बम आलाय त्याच्या निमित्ताने. नावं मुद्दाम टाकत नाही, मागे एका धाग्यावर जाहिरात जाहिरात म्हणून बोंब झाली होती, ज्याला पाहिजे त्याने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पियानोवाली आपल्या लक्ष्मीनगरची, शाळा-कॉलेज इथलंच, आता मुंबईत असते. बासवाला गोव्याचा, ड्रमर शिलाँगचा. तिघंही पस्तिशीच्या आतले.

मी ख्याल ऐकणारा माणूस, जॅझ म्हणजे चारदोन रेकॉर्डी कानावरून गेलेल्या, एवढंच. पण एक गोष्ट डोक्यातून जाऊनच नाही राहिली म्हणून धागा काढला. आपल्याकडे गाणारा मध्ये, तबला-पेटी दोन बाजूंना, आणि ते संगत करतात. इथे पहिली दहा मिनिटं तसंच चाललं होतं, पियानो पुढे आणि दोघं मागे. मग एक संथ चाल आली. तिने चाल एकदा वाजवली, दुसऱ्यांदा अर्धी वाजवली आणि दोन्ही हात चक्क मांडीवर ठेवून बसली. बासवाला एकटा खालच्या सुरांवरून वर सरकत गेला, ड्रमर समोरच्या स्नेअर ड्रमवर ब्रश गोल गोल फिरवून राहिला होता, सूं सूं असा आवाज, तोही त्याने हळूहळू काढून घेतला आणि नुसता डाव्या पायाने हाय-हॅट, म्हणजे ती झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, टिक, टिक. आता चालीचा मालक बासवाला. मग पियानोने एकेक कॉर्ड (एकदम दाबलेले दोन-तीन सूर) टाकायला सुरुवात केली, तीही अशी की बासने जिथे श्वास घेतला तिथेच. म्हणजे पियानो संगतीला! परत दोन मिनिटांनी उलटं. कोण मुख्य आणि कोण साथीला हे ठरलेलंच नव्हतं, आणि ते ठरवण्याचं काम स्टेजवर आपल्यासमोर चाललं होतं. मला तरी अल्बमच्या सुरांपेक्षा हे पाहायला जास्त मजा आली.

दुसऱ्या भागात एक बास सोलो मात्र भलताच लांबला, मागच्या रांगेत मोबाईल चमकायला लागले होते. तुम्हाला काय वाटलं लिहा.


पैसे_वसूल

मी होतो. माझी तक्रार आहे बाप्पा. सहाशेचं तिकीट काढलं, त्याआधी आठवडाभर अल्बम कानात घालून फिरत होतो, ऑफिसला जाताना मेट्रोत तेच. त्यातली तिसरी चाल मला लय आवडली, साडेचार मिनिटांची आहे, सुटसुटीत. इथे तीच पंधरा मिनिटं ओढली! मूळ चाल सुरुवातीला अर्धा मिनिट, आणि मग जी गायब झाली ती एकदम शेवटी आली, तोपर्यंत मी विसरलो होतो कोणती चालू आहे. अल्बमचा कार्यक्रम म्हणता तर अल्बम वाजवा ना भाऊ. काहून नाही वाजवत?


यमनप्रेमी

पैसे_वसूल, तुम्ही कधी गवयाला म्हटलंत का की तुमच्या रेकॉर्डवर यमन बावीस मिनिटांचा आहे, आज चाळीस का गायलात? रेकॉर्ड म्हणजे त्या दिवशीचा यमन. कार्यक्रमाला आपण आजचा ऐकायला जातो.

पण मला खरंच एक विचारायचंय, जाणकारांनी सांगा. यमनाला चौकट आहे, तीव्र मध्यम आहे, वादी-संवादी आहे, पकड आहे. कितीही फिरा, दोन मिनिटांत कळतं की यमनातच आहोत. इथे ती मंडळी चाल सोडून गेल्यावर नेमकी कशाला धरून असतात? का नुसतं मनाला येईल ते?


सहा_तारा

मनाला येईल ते अजिबात नाही. गिटार वाजवतो म्हणून थोडं सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

बहुतेक जुन्या चालींचा साचा बत्तीस बारचा असतो, बार म्हणजे ठरावीक मात्रांचा, बहुतेकदा चारचा, एक गट. आठ बारचा एक तुकडा, तोच परत, मग आठ बारचा वेगळा तुकडा ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी पहिला तुकडा पुन्हा. या बत्तीस बारांच्या खाली कॉर्डची एक रांग ठरलेली असते. सुरुवातीला चाल वाजवतात, त्याला हेड म्हणतात. मग चाल सोडली तरी ती कॉर्डची रांग गोल गोल फिरतच राहते, कोणी वाजवो न वाजवो तिघांच्याही डोक्यात चालू असते, एका फेरीला एक कोरस म्हणतात. म्हणजे आवर्तन समजा, पण नुसत्या मात्रांचं नाही, मात्रा आणि स्वरांची जागा दोन्हींचं. यमनात सा तोच राहतो, इथे दर एक-दोन बारला पायाखालची जमीन बदलते आणि वाजवणारा त्या बदलाला धरून सूर निवडतो. शेवटी परत हेड.

एक युक्ती सांगतो, मला एका म्हाताऱ्या सरांनी शिकवली होती. सोलो चालू असताना मूळ चाल मनातल्या मनात गुणगुणत राहायची, त्याच लयीत. बरोब्बर बसते. मग कळतं की हा माणूस चालीच्या भोवती काय काय करून राहिला आहे. पैसे_वसूल, तुम्ही अल्बम पाठ करून गेला होता ना, तुम्हाला तर हे सगळ्यात सोपं जायला पाहिजे. घरी करून पाहा.

तुमची तिसरी चाल याच साच्यातली आहे. शेवटच्या फेऱ्यांमध्ये चार बार पियानो, चार बार ड्रम्स, चार बार पियानो असं चाललं होतं ते आठवतं का? त्याला ट्रेडिंग फोर्स म्हणतात, सवाल-जवाबच. ड्रमर एकटा वाजवत असतानासुद्धा चालीचे चार बारच वाजवत असतो, उगाच ठोकत नसतो.


पैसे_वसूल

बरं गुणगुणून पाहतो. पण मुद्दा राहिलाच. दर वेळी वेगळंच वाजवायचं असेल तर अल्बम काढताच कशाला? स्टुडिओचा खर्च, छपाई, ते महागडे एलपी, बाहेर टेबलावर अडीच हजाराला लावले होते!


मात्रा_मोजणारा

अल्बमचं जाऊ द्या, त्या सातवाल्या चालीचं बोला. मी तबला शिकतो, हौशीच. सात मात्रा म्हटल्यावर मांडीवर रूपक धरला, तीं तीं ना, धीं ना, धीं ना. दोन आवर्तनं गेली आणि गाडी रुळावरून खाली! एक तर रूपकात समेलाच खाली, पहिल्या मात्रेला बायाचा (डाव्या हाताच्या डग्ग्याचा) घुमारा नसतो, आणि हा गडी पहिल्याच मात्रेला बास ड्रम दाणकन ठोकून राहिला होता. त्यात रूपक तीन-दोन-दोन, टाळ्या चौथीला आणि सहावीला. याचे जोर तिसरीला आणि पाचवीला. म्हणजे तो दोन-दोन-तीन मोजत होता आणि मी दर वेळी एक मात्रा मागे.

मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी गाठलंच त्याला. फार साधा पोरगा आहे. म्हणाला, मी लांबडी उडी शेवटी ठेवतो, कारण पियानोची ओळ तिथेच श्वास घेते, पुढे सोलोत मात्र पियानोवाली मधूनच तीन आधी घेते आणि मग मला तिच्या मागे पळावं लागतं. मी त्याला रूपक बोलून दाखवला, त्याने टेबलावर दोन चमच्यांनी वाजवून पाहिला, समेला मुद्दाम हात उचलून. आणि दुसऱ्या भागात, ज्यांनी लक्ष दिलं असेल त्यांना कळलं असेल, शेवटच्या चालीत त्याने दोन वेळा पहिली मात्रा रिकामी सोडली. माझ्याकडे पाहून हसला पण. घरी सांगितलं तर कोणी विश्वासच ठेवून नाही राहिलं.


व्हीटीचे_काका

लिहू की नको म्हणत होतो, पण सातचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. अमेरिकन जॅझ पियानोवाला डेव्ह ब्रुबेक, नाव ऐकलं असेल. १९५८ साली अमेरिकन सरकारने त्याच्या क्वार्टेटला दौऱ्यावर पाठवलं होतं, पोलंड, तुर्कस्तान असं करत ही मंडळी आपल्याकडेही आली होती. तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून त्याने नऊचा ठेका ऐकला, दोन-दोन-दोन-तीन असा, आणि पुढच्याच वर्षी ब्लू रोंडो या आपल्या चालीत वापरला. म्हणजे लांबडी उडी शेवटी ठेवायची ही तऱ्हा त्या ड्रमर पोराच्या आधीपासून चालत आलेली आहे.

माझी नोकरी रेल्वेतली, तरुणपणी मुंबईला व्हीटीला होतो. १९७८ ला जॅझ यात्रा हा जॅझचा महोत्सव पहिल्यांदा झाला, सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स आला होता. आमच्या खोलीवरचा एक गोवेकर मित्र मला ओढून घेऊन गेला. त्याचे वडील हॉटेलच्या बँडात वाजवायचे आणि दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला. त्या काळी गोवेकर वादकांचं असंच असे. संध्याकाळी ताजसारख्या ठिकाणी नाचाचं संगीत, सकाळी स्टुडिओत. ताजमध्ये १९३५ पासून लिऑन ॲबीसारखे आफ्रिकन-अमेरिकन बँडवाले येऊन राहून गेले, टेडी वेदरफर्ड नावाचा पियानोवाला तर इकडेच रमला आणि १९४५ ला कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, ही माणसं दोन्हीकडे होती. आपण ज्या हिंदी गाण्यांवर मान डोलावत मोठे झालो त्यात ट्रंपेट आणि पियानोचे जे तुकडे आहेत ते कोणाच्या हातचे ते बघा कधी. त्यामुळे जॅझ हे आपलं नाही वगैरे कोणी म्हणायला लागलं तर मला हसू येतं.


रोखठोक_महाल

काका आदर आहे, पण हे सगळं शेवटी सिव्हिल लाईन्सवाल्यांचं आहे. सहाशे रुपये तिकीट, इंग्रजीतून बोलणं, दोनेकशे लोक आणि त्यातले निम्मे एकमेकांना ओळखणारे. आमच्या महालात लावा की हा कार्यक्रम.


इतवारीची_पोर

रोखठोक भाऊ, तुम्ही आला होतात का? आला असतात तर असं लिहिलं नसतं. शेवटून दुसरी चाल मारबतीवर होती, आपली ती ईडा पीडा घेऊन जाणारी, मिरवणुकीने नेऊन जाळतात ती पुतळी!

पियानोवालीने मराठीतच सांगितलं, की लहानपणी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आजीचं बोट धरून इतवारीत मारबत बघायला जायची. बास एकटा सुरू झाला, एकाच सुरावर, ठक-ठक ठक-ठक ठक-ठकठक. माझं माहेर इतवारीतलं, मला दुसऱ्याच खेपेला कळलं, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! अगदी त्याच तालावर, शब्द नाहीत फक्त. ड्रमरने टॉम ड्रमवर काठ्या उलट्या धरून ताशासारखा आवाज काढला, आणि पियानोचा डावा हात बासच्या खाली नुसता गडगडाट. आणि मग मागून कोणीतरी ओरडलं, "घेऊन जा गे मारबत!" हॉल फुटला. बासवाल्या गोवेकराला काही कळेना, तो पियानोवालीकडे पाहतो, ती हसून हसून वाकली पण हात थांबला नाही. मग तिने काय करावं, ती ओळ पियानोवर उचलली, जशी ओरडली गेली तशीच, चढ्या सुरात, आणि लोकांना परत दिली. चार-पाच वेळा असं चाललं. हे अल्बमवर नाहीये पैसे_वसूल, अल्बमवर ती चाल सहा मिनिटांत संपते, कारण स्टुडिओत मागून ओरडायला इतवारीचा माणूस नव्हता.


पैसे_वसूल

ती मारबत जबरदस्त होती, ते मान्य, त्यात वादच नाही. ओरडणारा माझ्याच रांगेतला होता.


सहा_तारा

अल्बम कशाला काढतात यावर. काही ट्रिओंचे गाजलेले अल्बम तर कार्यक्रमातच रेकॉर्ड झालेले आहेत. पियानोवाला अहमद जमाल, त्याचा १९५८ चा पर्शिंगवाला शिकागोच्या हॉटेलातल्या लाउंजमध्ये झाला, आणि शंभरहून जास्त आठवडे बिलबोर्डच्या खपाच्या यादीत होता, जॅझसाठी हे म्हणजे फारच. त्यात तो किती कमी वाजवतो हे ऐका, रिकाम्या जागा सोडतो आणि त्या जागेत बास आणि ड्रम्स दिसतात.

आणि पियानोवाला बिल एव्हान्स. सीताबर्डी_लोकल, तुम्ही जे संगतीचं लिहिलंय ना, त्यातलं पुष्कळ या माणसाच्या ट्रिओपासून आलंय. त्याआधी ट्रिओत साधारण पियानो राजा. ऑस्कर पीटरसनच्या १९५८ पर्यंतच्या ट्रिओत तर ड्रम्सच नव्हते, पियानो, गिटार आणि बास, आणि सगळं त्याच्या बोटांभोवती. एव्हान्सने स्कॉट लफारो नावाचा पोरसवदा बासवाला आणि पॉल मोशन हा ड्रमर घेतला, आणि बासला नुसतं खाली चालत राहण्याच्या कामातून मोकळं केलं. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात दुपारी आणि रात्री मिळून पाच खेपा वाजवलं, त्याचे दोन अल्बम निघाले. ग्लासांचे आवाज, लोकांचं बोलणं सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे. पहिल्याच चालीच्या मध्ये वीज गेली आणि टेपमध्ये तुकडा गायब, म्हणजे आपल्या महावितरणला एकट्याला नावं ठेवू नका. त्यानंतर अकरा दिवसांनी लफारो गाडीच्या अपघातात गेला, पंचवीस वर्षांचा होता. एव्हान्स पुढे कित्येक महिने लोकांसमोर वाजवू शकला नाही.


यमनप्रेमी

सहा_तारा, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार, वाचनखूण साठवली. दोनदा ऐकलं व्हॅनगार्डवालं. पहिल्यांदा पियानो ऐकला, दुसऱ्यांदा नुसता बास. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा भलतंच काही ऐकल्यासारखं वाटलं.

एक खटकलं मात्र सांगतो. आपल्या कार्यक्रमात प्रत्येक सोलो संपला की टाळ्या. आपल्याकडे समेला दाद जाते, वाहवा जाते, पण ती पुढच्या सुराच्या अंगावर पडत नाही. इथे पियानोचा सोलो संपतो आणि बासचा सुरू होतो, तो आधीच बारीक आवाजाचा, त्याची पहिली ओळ टाळ्यांत वाहून जायची. मी तर ठरवलंय, पुढच्या वेळी हात बांधून बसणार.


खुर्च्या_मांडणारा

मी आयोजकांकडून मदतीला होतो, पियानोचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, आमची त्यातच हाडं मोडली.

नागपुरात कार्यक्रमासाठी भाड्याने चांगला ग्रँड मिळवणं म्हणजे दिव्य. डिजिटल आणतो म्हटलं तर बाई ऐकेनात, अल्बम खऱ्या पियानोवर केलाय म्हणाल्या. शेवटी सदरमधल्या एका जुन्या संस्थेने त्यांचा अपराइट (उभा पियानो) दिला. दिला म्हणजे, किल्ली हरवलेली, आत झुरळं, आणि कित्येक वर्षं कोणी ट्यून केलेला नाही. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांचा, आणि आपली हवा तर माहीत आहे, मेमध्ये लाकूड वाळून खडखडीत, ऑगस्टमध्ये ओल पिऊन फुगलेलं, स्वर त्याबरोबर खाली-वर. मुंबईहून ट्यूनर बोलावला. त्याने पहिल्या दिवशी सगळा नुसता वर ओढून ठेवला, रात्रभर तारांना बसू दिलं, आणि दुसऱ्या दिवशी परत बसून बारकाईने लावला. एकदम लावला असता तर संध्याकाळपर्यंत उतरला असता म्हणाला.

तरी मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की वर यायलाच तयार नाही. बाईंनी पाच मिनिटं ती पट्टी नुसती दाबून-सोडून पाहिली, मग म्हणाल्या राहू द्या, मी हिला वळसा घालीन. आणि घातला! संथ चालीत त्या सुराच्या ऐवजी शेजारचा घेऊन मग वरून खाली आल्या, मला साउंडच्या टेबलामागे उभं राहून माहीत होतं म्हणून कळलं. पुढचं फळकूट काढून ठेवलं होतं, आवाज बाहेर यावा आणि माइक आत बसावा म्हणून. डावीकडच्या खुर्च्यांवर जे बसले होते त्यांना हातोड्या उडताना दिसल्या असतील, वाळवीने खाल्लेला एक कोपरा पण दिसला असेल.

हॉलच्या एसीबद्दल शिव्या खाल्ल्या आम्ही, पण त्यात ट्यूनरचा हात होता. डिसेंबरात बाहेर थंडी, आत दोनशे माणसं आणि स्टेजचे लाईट, तापमान सारखं ठेवा नाहीतर मी जबाबदार नाही म्हणाला. शालींची सोय पुढच्या वेळी करू.


व्हीटीचे_काका

तो बास कसा आणला पण? रेल्वेवाला म्हणून विचारतो, ब्रेकव्हॅनला दिला असेल तर देवच वाचवो.


खुर्च्या_मांडणारा

काका, दुरांतोने, स्वतःजवळ ठेवून. वरच्या बर्थवर आडवा, आणि गडी खाली जागा. टीसीने विचारलं हे काय, तर म्हणे पेशंट आहे. स्टेशनवरून ऑटोवाल्यांनी हात जोडले, शेवटी एक छोटा टेम्पो केला.


रोखठोक_महाल

मारबतीचा तुकडा कोणी मोबाईलवर घेतला असेल तर टाका इथे. आणि महालात खरंच करा, हॉल मी पाहून देतो, तिकीट दोनशे ठेवा, मारबत म्हटलं तर लोक येतील.


इतवारीची_पोर

रेकॉर्डिंग नका टाकू भाऊ, त्यांनी सुरुवातीलाच विनंती केली होती. हॉलचं मात्र मनावर घ्या.


पैसे_वसूल

गुणगुणून पाहिलं. तिसऱ्या चालीत ब्रिजपर्यंत बरोबर जातो, तिथून पुढे हरवतो, चार वेळा झालं. आणि हो, तो अडीच हजाराचा एलपी मी घेतला शनिवारीच, आता हसा. घरी प्लेअर नाही. धरमपेठ-शंकरनगर बाजूला कोणाकडे आहे का चालू?


सीताबर्डी_लोकल

माझ्याकडे आहे, बेल्ट ढिला झालाय, बदलून ठेवतो. रविवारी दहाला या सगळे. सहा_तारा, गिटार आणा म्हणजे ब्रिजचं काय ते एकदा दाखवून टाका. तर्री-पोहे खालच्या गाडीवरून आणू, पत्ता व्यनि करतो.